वाचकांचे प्रश्न: बाजार कायद्याने वाढतो की अडतो?

छोट्या अर्थव्यवस्थेत शेअर बाजार का रुजत नाही, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. काहींनी देशांबद्दल विचारलं, बहुतेकांनी स्वतःच्या कागदपत्रांबद्दल. दोन्हींचं मूळ एकच असल्यामुळे ती इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (विटा): आमच्याकडची बरीच मंडळी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे काठमांडूत आहेत. सुट्टीला आलेला पुतण्या सांगतो, की तिथे आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री निघाली की घरटी सगळे अर्ज भरतात. तरी बाजारात बँका, विमा आणि जलविद्युत सोडलं तर फारसं काही नाही म्हणे. देश छोटा म्हणून असं, की कायदाच तसा?

उत्तर: दोन्ही कारणं आहेत, पण कायद्याचा वाटा मोठा आहे.

नेपाळ स्टॉक एक्स्चेंजमध्ये जानेवारी १९९४ मध्ये सौदे सुरू झाले. तिथल्या बँका आणि वित्तसंस्थांना किमान ३० टक्के हिस्सा सर्वसामान्य लोकांकडे द्यावा लागतो. विमा कंपन्यांनाही लोकांसमोर यावंच लागतं. जलविद्युत कंपन्या प्रकल्पाच्या परिसरातल्या रहिवाशांसाठी शेअर राखून ठेवतात. म्हणजे ज्यांच्यावर सक्ती किंवा दबाव आहे, त्यांनीच बाजार भरला. ज्याला बाहेर राहण्याची मुभा होती, तो कारखानदार बाहेरच राहिला.

तो का आला नाही, याचं उत्तर किमतीत आहे. तिथे नवा शेअर दर्शनी किमतीला, म्हणजे १०० नेपाळी रुपयांना विकायची रीत पडली. प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीच्या वरची रक्कम घ्यायची तर अटी आड येतात. समजा, वीस वर्षं चाललेल्या कारखान्याचा शेअर हिशेबाने ४०० रुपयांचा आहे. मालकाने तो शंभराला विकला, तर प्रत्येक शेअरमागे ३०० रुपये तो अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतो. त्यापेक्षा बँकेचं कर्ज त्याला स्वस्त वाटतं. अर्जदाराला मात्र ही लॉटरीच आहे, आणि वाटपही खरोखर चिठ्ठ्या काढूनच होतं: नशीब लागलं तर १० शेअर. म्हणून तुमचा पुतण्या सांगतो ती गर्दी. दहा शेअरांचा धनी वार्षिक सभेला जात नाही, ताळेबंद उघडत नाही आणि पहिल्या काही दिवसांत विकून मोकळा होतो. बुक बिल्डिंगची, म्हणजे गुंतवणूकदारांच्या बोलींवरून किंमत ठरवण्याची वाट तिथे अलीकडे उघडली आहे आणि सर्वोत्तम सिमेंट त्या वाटेने आली. कारखानदारांना बाजारात आणायचं असेल, तर हीच वाट रुंद करावी लागेल.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९४७ चा भांडवली रोखे नियंत्रण कायदा १९९२ पर्यंत होता. शेअर कितीला विकायचा हे दिल्लीतला नियंत्रक ठरवायचा, आणि ती किंमत बहुधा बाजारभावाच्या बरीच खाली असायची. त्यातच १९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा लागला आणि चांगल्या कंपन्यांचे शेअर मध्यमवर्गाच्या हाती स्वस्तात पडले. आपल्याकडच्या कित्येक घरांत ट्रंकेत सापडणारी प्रमाणपत्रं त्या काळची असतात. सक्तीने शेअरधारक वाढले खरे. पण जी भारतीय कंपनी स्वतःहून यायला हवी होती, तिला नियंत्रकाच्या किमतीने परत पाठवलं.

१९९२ मध्ये किंमत मोकळी झाली, सेबी या बाजार नियामकाला कायद्याचा आधार मिळाला, आणि मग उलट टोक गाठलं गेलं. पुढच्या चार-पाच वर्षांत पैसे गोळा करून पत्ताच बदलणाऱ्या कंपन्या इतक्या निघाल्या, की सरकारला त्यांची वेगळी यादी करावी लागली. सेबीला २५ कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतला जास्तीचा आकडा दंड म्हणून लावण्याचे अधिकार २००२ च्या दुरुस्तीने मिळाले. मधल्या दहा वर्षांत ज्यांचे पैसे बुडाले, त्यांतल्या पुष्कळांनी नंतर मुदत ठेवीशिवाय काही केलं नाही. आमच्या मते बाजाराचं सगळ्यांत मोठं नुकसान हे. त्याची नोंद निर्देशांकात होत नाही.

छोट्या जागेची एक अडचण मात्र खरीच आहे. सौद्यांवर देखरेख, क्लिअरिंग, लेखापरीक्षण यांचा खर्च कंपनी लहान म्हणून कमी होत नाही. आपल्या प्रादेशिक शेअर बाजारांचं हेच झालं. सेबीने २०१२ मध्ये वर्षाला १,००० कोटींच्या उलाढालीची अट घातली आणि पुण्यासह जवळजवळ सगळे बाजार एकामागून एक बंद पडले. नियम चुकीचा होता असं नाही. सौदेच होत नसलेला बाजार चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. पण फक्त तिथेच नोंदलेल्या कंपन्यांचे भागधारक अडकून पडले. बाजार बंद करताना त्यांना बाहेर पडायची पक्की सोय आधी करायला हवी होती.

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी): आमची फाउंड्री भागीदारीत आहे. नवी भट्टी आणि मोल्डिंग लाइन यासाठी २० कोटी उभे करायचे आहेत. एक सल्लागार म्हणतो एसएमई आयपीओ करा, दुसरा म्हणतो आता नियम इतके कडक झालेत की नादाला लागू नका. कोणाचं ऐकावं?

उत्तर: आधी स्वतःच्या वह्यांचं ऐका.

लहान-मध्यम उद्योगांच्या शेअरसाठीचे एसएमई मंच बीएसई आणि एनएसई दोघांनीही २०१२ मध्ये सुरू केले. आयपीओनंतरचं भरणा झालेलं भांडवल, दर्शनी किमतीने मोजलेलं, २५ कोटींच्या आत हवं. मार्च २०२५ मध्ये सेबीने नियम घट्ट केले. तुमच्यापुरतं त्यातलं महत्त्वाचं असं:

मागच्या तीन आर्थिक वर्षांपैकी कोणत्याही दोन वर्षांत कामकाजातला नफा किमान १ कोटी हवा. हा व्याज, घसारा, करापूर्वीचा आकडा आहे. भागीदारीचं कंपनीत रूपांतर केलं असेल, तर आयपीओच्या माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करण्याआधी कंपनी म्हणून किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष गेलेलं हवं. म्हणजे आज निर्णय घेतला तरी हातात पैसा यायला दोन वर्षं धरा. भट्टीची ऑर्डर आधी देऊन ठेवू नका.

२० कोटींचा हिशेब मांडून पाहू. जुन्या भागीदारांना स्वतःचे शेअर विकायचे असतील, तर ते एकूण इश्यूच्या २० टक्के, म्हणजे ४ कोटींपर्यंतच विकता येतील, आणि कोणालाही स्वतःच्या हिश्श्यातला अर्ध्याहून जास्त भाग काढता येणार नाही. सगळी विक्री नव्या शेअरांचीच धरली, तर ‘सर्वसाधारण कामकाज’ या नावाखाली १५ टक्के किंवा १० कोटी यांपैकी जो आकडा कमी तो, म्हणजे ३ कोटी दाखवता येतात. उरलेल्या १७ कोटींचं काय करणार हे नेमकं लिहावं लागतं: भट्टीचं कोटेशन, लाइनचं कोटेशन, खेळतं भांडवल. घरच्यांकडून किंवा भागीदारांकडून घेतलेलं कर्ज या पैशातून फेडता येत नाही. पुष्कळांचा बेत इथेच फसतो, कारण वर्षानुवर्षं धंदा त्या कर्जावरच उभा असतो.

इश्यू १०० टक्के अंडरराइट झाला पाहिजे, म्हणजे न खपलेले शेअर घ्यायची हमी हवी, आणि त्यातला १५ टक्के, इथे ३ कोटी, भार इश्यू सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरने स्वतः घ्यायचा असतो. हमी घ्यायची म्हटल्यावर जो बँकर पाठ फिरवतो, त्याचं तुमच्या कंपनीबद्दलचं खरं मत तिथेच कळतं. शिवाय मार्केट मेकरने तीन वर्षं खरेदी आणि विक्री दोन्ही भाव द्यायचे असतात, आणि त्याच्यासाठी इश्यूतला किमान ५ टक्के भाग राखीव ठेवावा लागतो. ही कल्पना नवी नाही. १९९२ मध्ये ओटीसी एक्स्चेंज सुरू झाला तो लहान कंपन्यांसाठीच, आणि तिथेही मार्केट मेकर होता. पण भाव देणाऱ्यांकडे घ्यायला पुरेशी माणसं फिरकली नाहीत.

अर्जाची किमान रक्कम आता २ लाखांच्या वर आहे आणि किमान २०० जणांना वाटप व्हायला हवं. लहान गुंतवणूकदाराला यातून मुद्दामच दूर ठेवलं आहे, आणि आम्हाला ते पटतं. मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला राहतो. तुमच्याच वसाहतीतला स्पर्धक तो वाचणार, हे गृहीत धरा.

आता वह्या. फाउंड्रीत नेहमी सापडणाऱ्या तीन गोष्टी आहेत. भंगाराची खरेदी जीएसटी विवरणपत्रात एक आणि खतावणीत दुसरी. शेड पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर आणि भाडं तोंडी ठरलेलं. आणि प्लॉटचा एमआयडीसी भाडेपट्टा भागीदारीच्या जुन्या नावावर, ज्यातला एक भागीदार वारलेला. रूपांतराआधी भाडेपट्ट्यावरचं नाव आणि हस्तांतर शुल्क याबद्दल एमआयडीसीकडून लेखी उत्तर घ्या. हे तिन्ही दुरुस्त व्हायला वर्ष लागत असेल, तर सध्या बँकेची मुदत कर्जाची फाइल करा. दुसऱ्या सल्लागाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नियम कडक आहेत, पण नीट वह्या असणाऱ्याला त्यांचा त्रास थोडाच होतो.

प्रश्न (वाळवा तालुका): साखर कारखान्याचा माझा शेअर वडिलांनी घेतला होता. कारखाना जोरात चालतो, मग शेअरचा भाव का वाढत नाही?

उत्तर: कारण तो बाजारातला शेअर नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० प्रमाणे लाभांशावर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मत माणशी एक. त्या शेअरची खरी किंमत तुमचा ऊस वेळेवर तोडला जातो यात आहे. सहकाराने या दोन जिल्ह्यांत कारखाने उभे केले. शेअर बाजार उभा करणं हे त्याचं काम नव्हतंच.

प्रश्न (तासगाव): आम्ही बेदाणा उत्पादक आणि काही व्यापारी मिळून शीतगृह काढतोय. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे. प्रत्येकी २५ हजारांप्रमाणे ४०० जणांकडून भांडवल घ्यायचं ठरलंय, व्हॉट्सअॅप ग्रुपवर माहितीही टाकली. सीए म्हणतो थांबा. का?

उत्तर: सीए बरोबर सांगतोय. आधी ग्रुपवरचा तो मजकूर काढा.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे खासगी वाटपासाठी एका आर्थिक वर्षात, एका प्रकारच्या रोख्यासाठी, २०० पेक्षा जास्त व्यक्तींना देकार (ऑफर) देता येत नाही. इथे लोक चुकतात ते मोजण्यात. पैसे किती जणांनी भरले हे मोजलं जात नाही, देकार किती जणांना दिला हे मोजलं जातं. ४०० जणांना विचारलं आणि ९० जणांनी पैसे दिले, तरी कायदा मोडला. जाहिरात, पत्रक, माध्यमांतून आवाहन यांना मनाई आहे आणि ४०० जणांचा ग्रुप म्हणजे खासगी निरोप, हा बचाव टिकणं अवघड. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडचे सभासदच मुळात २०० च्या आत असावे लागतात.

ही मर्यादा कागदी नाही. जुन्या १९५६ च्या कायद्यात हा आकडा ५० होता. सहाराच्या दोन कंपन्यांनी कोट्यवधी लोकांकडून डिबेंचरचे (कर्जरोख्यांचे) पैसे घेतले आणि ‘हे खासगी वाटप आहे’ असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ते फेटाळलं आणि २४ हजार कोटींहून अधिक रक्कम १५ टक्के व्याजाने परत करायला सांगितली.

तुमच्यापुढे वाट अशी. बेदाणा पिकवणारे सगळे उत्पादक कंपनीत घ्या. ती किमान १० उत्पादकांपासून निघते आणि तिला २०० ची सभासद मर्यादा लागू नाही. पण सभासद खरोखर उत्पादक हवा, मत माणशी एक, आणि शेअर विकायचा तर संचालक मंडळाच्या परवानगीने, दुसऱ्या सक्रिय सभासदाला, दर्शनी किमतीलाच. व्यापारी आणि पुण्या-मुंबईचे भाचे यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी कंपनी ठेवून तिच्यात रीतसर खासगी वाटप करा आणि शीतगृहाचा करार दोघींत करा.

खासगी वाटपाचा क्रम पाळा: मूल्यांकन अहवाल, विशेष ठराव, प्रत्येकाच्या नावाचं आणि क्रमांकाचं पीएएस-४ देकारपत्र, पीएएस-५ नोंदवही. पैसा ज्याचा त्याच्याच बँक खात्यातून, कंपनीच्या स्वतंत्र खात्यात. रोख एक रुपयाही नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप. वाटप झाल्यावर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाच्या माहितीचा अर्ज दाखल करायचा, आणि तो दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत परत करा, नाहीतर १२ टक्के व्याज. कलम मोडलं तर दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी, जे कमी ते. वर सगळे पैसे व्याजासह परत. नेहमी होणारी चूक म्हणजे कंत्राटदाराला आगाऊ रक्कम त्याच खात्यातून, पीएएस-३ च्या आधी देणं.

प्रश्न (सातारा): आजोबांच्या कागदांत युनायटेड वेस्टर्न बँकेची आणि सांगली बँकेची शेअर प्रमाणपत्रं सापडली. आता त्यांना काही किंमत आहे का?

उत्तर: दोघींचा शेवट वेगळ्या पद्धतीने झाला, म्हणून उत्तरंही वेगळी आहेत.

साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये स्थगिती आली आणि ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. तो शेअर तिथेच संपला. आजोबांनी ते पैसे उचलले नसतील, तर आयडीबीआय बँकेच्या भागधारक विभागाकडे फोलिओ क्रमांकासह लेखी विचारणा करा.

सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. तिथे रोख नव्हती. सांगली बँकेच्या ९२५ शेअरांना आयसीआयसीआयचे १०० शेअर असं प्रमाण होतं. पुढे २०१४ मध्ये त्या शेअरचे पाच भाग झाले आणि २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळाला. म्हणजे आजोबांकडे ९२५ शेअर असतील, तर हिशेबाने त्यांचे १००, मग ५००, मग ५५० झाले. लाभांश वेगळा. तेव्हा ते पिवळे कागद रद्दीत टाकू नका.

सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल, तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे गेले असणार. हक्क जात नाही, फक्त वाट लांबते. आधी आयईपीएफच्या संकेतस्थळावर आजोबांच्या नावाने शोध घ्या. गणपती, गणपत, गणपतराव अशी सगळी रूपं टाकून बघा. मग बँकेच्या शेअर निबंधकाकडे वारस नोंदीचा अर्ज: मृत्यूचा दाखला, केवायसीसाठी आयएसआर-१, सहीच्या पडताळणीसाठी आयएसआर-२, वारसासाठी आयएसआर-५. कागदी शेअरांची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर सोपी कागदपत्रं चालतात: बाकी वारसांचं ना-हरकतपत्र, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र. त्याहून जास्त असेल तर वारसा प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्र लागतं. ५५० शेअरांच्या बाबतीत ही मर्यादा कुठे पडते, ते अर्जाच्या दिवशीच्या भावाने तपासा.

निबंधकाकडून हक्कपत्र आल्यावरच आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरा आणि त्याची प्रत मूळ कागदांसह बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवा. शेअर डिमॅट खात्यातच येतात, म्हणून अर्जदाराच्या नावाचं खातं आधी हवं. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार, पॅन आणि डिमॅट यांवर नावाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं. ती एक करूनच सुरुवात करा. टक्केवारीवर ‘शेअर सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला मूळ प्रमाणपत्र देऊ नका.

प्रश्न (कराड): गावातला एक तरुण शेअर बाजारात पैसे लावून दरमहा ८ टक्के देतो. नोटरीचा करार आणि चेक देतो. दहा महिने पैसे वेळेवर आलेत. आणखी टाकू का?

उत्तर: नाही. आणि टाकलेले काढता येतील तितके काढा.

हिशेब करा. महिन्याला ८ टक्के म्हणजे मुद्दल परत यायलाच साडेबारा महिने. दहा महिन्यांत तुमच्या लाखातले ८० हजार परत आलेत, म्हणजे त्याने अजून तुमचं मुद्दलही पुरतं दिलेलं नाही. बाजारात एक रुपया न लावताही त्याला वर्षभर असं वेळेवर वागता येतं.

नोटरी सही कोणाची हे पाहतो, धंदा कायदेशीर आहे का हे नाही. दुसऱ्याचे पैसे बाजारात सांभाळायचे तर सेबीकडे पोर्टफोलिओ व्यवस्थापक म्हणून नोंदणी लागते. तिथे ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात आणि नक्की परताव्याचं वचन देता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. अशा अनियंत्रित ठेवींवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदार हितसंरक्षण कायद्याने मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसा हाती यायला वर्षं जातात.

तक्रार करायची वेळ आली, तर शेजाऱ्याच्या फिर्यादीवर विसंबू नका. आर्थिक गुन्हे शाखेत आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे स्वतःच्या नावाने, बँकेच्या उताऱ्यासह लेखी दावा द्या. ज्याचा दावा नोंदलेला नाही त्याची वाटपात अडचण होते. चेक वटवायचा तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत. परत आल्याचा मेमो मिळाल्यावर ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची वाट, आणि त्यानंतर महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. तुमच्याकडच्या चेकवर तारीख घातलेली आहे का, आणि रक्कम अक्षरी लिहिलेली आहे का, ते आजच काढून बघा.